राष्ट्रीय संघटनेशी जोडून घ्यायचंय: शाखा की संलग्न संस्था?

अर्धाकप:
नमस्कार मंडळी. आमची समुपदेशकांची छोटी संस्था आहे, पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ६४ सभासद. धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी आहे. दिल्लीच्या एका राष्ट्रीय संघटनेचं पत्र आलंय की आमच्यात या. परिषदेच्या शुल्कात सवलत, प्रमाणपत्रावर त्यांचा शिक्का वगैरे. सोबत आठ पानी करारनामा आहे. त्यात एका पानावर 'ब्रँच' म्हटलंय, पुढच्याच पानावर 'अफिलिएट'. अध्यक्षबाई म्हणतात, दोन्ही एकच, सही करून टाकू. रविवारी कार्यकारिणी बसतेय. कुणाला अनुभव?

शनिवारातला:
एवढ्या चटकन सही? अध्यक्षबाई मूळच्या कुठल्या?

जुना_खजिनदार:
दोन्ही एक नाहीत. शाखा झालात की सहसा पॅन त्यांचा, हिशेब त्यांच्या ताळेबंदात, आणि खात्यातली शिल्लकही त्यांचीच. संलग्न राहिलात तर नोंदणी, घटना (म्हणजे संस्थेची नियमावली), खातं तुमचं. तुम्ही वर्गणी भरायची आणि त्यांची आचारसंहिता पाळायची.

सीएंची पुण्यात शाखा आहे, ते ठीकच आहे. त्यांची मूळ संस्था १९४९च्या कायद्याने झालेली, सनद तीच देते. तुमच्या संघटनेच्या शिक्क्याला तसं वजन नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणीसुद्धा भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, संघटनेकडे नाही. तेव्हा शिक्क्याला भुलू नका.

आमचा व्यवसाय वेगळा, पण आम्ही शाखा होऊन बसलो होतो. वार्षिक मेळाव्यासाठी हॉल बघितला, आगाऊ साडेआठ हजार द्यायचे होते. चेकवर दुसरी सही मुख्यालयाची. चेक कुरियरने गेला, सही होऊन येईपर्यंत हॉल एका मुंजीला गेला. मेळावा शेवटी एका सभासदाच्या गच्चीवर झाला, वर ताडपत्री. मठ्ठा-जिलबी मात्र झकास होती.

टिळकरोड:
जवळचंच उदाहरण बघा. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, आणि तिच्यासारख्या संस्थांची शिखर संस्था असलेलं साहित्य महामंडळ १९६१चं. म्हणजे लेक आईपेक्षा ५५ वर्षांनी मोठी! परिषद, विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा परिषद आणि मुंबईचा संघ या चार घटक संस्था, बाहेरच्या राज्यांतल्या संलग्न, शिवाय समाविष्ट हा आणखी एक प्रकार. महामंडळाचं कार्यालयसुद्धा दर तीन वर्षांनी या चौघांत फिरतं. महामंडळात असूनही परिषदेची घटना आणि निवडणूक तिची तिची. 'संलग्न' म्हणजे नक्की काय, मत किती, हे ज्याच्या त्याच्या घटनेत लिहिलेलं असतं. त्या दिल्लीवाल्यांची घटना आधी मागवा.

हडपसर_लोकल:
सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. छोट्या संस्थेला शाखा सोयीची पडते. दरवर्षी ऑडिट, कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादायकडे बदल अर्ज, त्यासाठी चकरा. हे कोण करणार? आमच्याकडे दोन वर्षं कुणीच केलं नाही, मग पडलेले सगळे अर्ज एकदम भरताना सचिवांचा रक्तदाब वाढला.

जुना_खजिनदार:
मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी महिन्याकाठी थोडे पैसे देऊन अर्धवेळ माणूस ठेवता येतो. गेलेली ठेव परत आणता येत नाही.

आणि रविवारचं म्हणाल तर कार्यकारिणी हे ठरवूच शकत नाही. तुमची नोंदणी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही असेलच. विलीन व्हायचं किंवा उद्देश बदलायचे तर कलम १२ लागतं: लेखी प्रस्ताव, दहा दिवसांची नोटीस, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तीन पंचमांश. नुसती संलग्नता असेल तर एवढं लागेलच असं नाही, घटना बघा. पण करारात 'ब्रँच' शब्द ठेवून कार्यकारिणीच्या ठरावावर सही केलीत तर उद्या तुमचाच एखादा सभासद धर्मादायकडे जाईल. पुण्यात असा एक सभासद प्रत्येक संस्थेत असतो.

बाहेर पडायचं कलम कोणतं, ते बघितलंत का?

अर्धाकप:
आत्ता बघितलं. कलम ११, सातव्या पानावर, तळाशी बारीक टायपात. करार संपला तर 'सर्व निधी, दप्तर व नाव' मुख्यालयाकडे. आमची २ लाख ३० हजारांची ठेव आहे, तीही दहा वर्षांच्या वर्गणीतून साठलेली.

त्या पानाचा फोटो अध्यक्षबाईंना पाठवलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.