हृदय प्रत्यारोपणानंतर पाचव्या महिन्यात बाबांचा धीर खचला आहे

प्रश्न (धंतोली, नागपूर):
माझ्या बाबांच्या हृदय प्रत्यारोपणाला पाच महिने झाले. सारे सुरळीत चालले असताना मागील आठवड्यातील बायोप्सीत शरीर नवे हृदय नाकारत असल्याचे आढळले आणि तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड द्यावे लागले. घरी आल्यापासून ते अंबाझरीला फिरायला जाण्याचे नावच काढत नाहीत. कुणीतरी दिलेले हृदय आपण वाया घालवत आहोत, असे म्हणतात. त्यांना काय सांगावे?

पहिले उत्तर:
ताई, माझ्या प्रत्यारोपणाला सहा वर्षे झाली. पहिल्याच वर्षी माझ्यावरही हा प्रसंग आला होता. त्यात बाबांचा दोष नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगा. प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू तुटतात, त्यामुळे विश्रांतीतही ठोके मिनिटाला 90 ते 110 राहू शकतात आणि चालू लागल्यावर ते सावकाश वाढतात. हे ठाऊक नसल्याने मी दम लागताच घाबरून घरी बसलो होतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की आरंभी दहा मिनिटे संथ चालू द्या.

दुसरे उत्तर:
स्टेरॉइडमुळेही मन उदास होते, झोप उडते. हे डॉक्टरांना अवश्य कळवा. टॅक्रोलिमसची (शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची) वेळ चुकवू नका आणि रक्ततपासणीच्या दिवशी सकाळची मात्रा रक्त दिल्यावरच द्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. आपल्याकडचा मे महिना तुम्ही जाणताच. शरीरातील पाणी कमी झाले, तर टॅक्रोलिमसचा मूत्रपिंडावरील ताण वाढतो.

प्रश्नकर्ती:
दादांचे उत्तर बाबांना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले.