आईच्या खोलीला कुठला ऑफ-व्हाइट? पिवळसर की राखाडी झाकेचा?

नमस्कार मंडळी,

आईच्या खोलीचं रंगकाम काढलंय. पुट्टी, प्रायमर झाला, घोडं अडलंय शेडवर. दोन्ही ऑफ-व्हाइटच. एकीत पिवळसर झाक (हस्तिदंती म्हणा), दुसरीत किंचित राखाडी. शेडकार्डावर फरक जेमतेम कळतो, भिंतीवर मात्र चांगलाच जाणवतो.

खिडकी एकच, पश्चिमेची. खाली कोटा फरशी, तिचा हिरवटपणा भिंतीच्या खालच्या भागावर उतरतो. सकाळी राखाडी शेड शांत दिसते, हस्तिदंती जरा मळकी. चारनंतर ऊन आत आलं की हस्तिदंती पार पिवळी पडते आणि राखाडी स्वच्छ पांढरी वाटते. रात्री ६५०० केल्व्हिनच्या (थंड, निळसर पांढऱ्या उजेडाच्या) एलईडी ट्यूबखाली राखाडी निळसर होते, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. ३००० केल्व्हिनच्या (पिवळसर उजेडाच्या) बल्बखाली दोन्ही जवळपास सारख्याच. नमुने प्रायमर मारलेल्या प्लायच्या तुकड्यांवर दोन-दोन हात देऊन केलेत, म्हणजे जुन्या रंगाचा प्रश्न नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डावा व्हायचाय. डावा झाकला की ती राखाडी तुकड्याकडे बघून म्हणते, "अगं, ही तर निळी आहे." उजवा झाकला की, "दोन्ही सारख्याच की, कळकट." वयाने पिवळं पडलेलं डोळ्यातलं भिंग निळा प्रकाश अडवतं, ते काढल्यावर निळं जास्त दिसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणजे दिवाळीनंतर दुसरा डोळा झाला की भिंती तिला पुन्हा वेगळ्या दिसणार. दिवसाचे बहुतेक तास ती याच खोलीत असते, म्हणून रंग तिच्याच डोळ्यांना रुचायला हवा.

माझा कल हस्तिदंती आणि ४००० केल्व्हिनच्या ट्यूबकडे आहे. भाऊ म्हणतो, कोट्यावर राखाडीच शोभेल.

कुणाच्या घरी आई-वडिलांचे दोन्ही डोळे झालेत का? त्यांना भिंती निळसर दिसायच्या का, आणि नंतर सवय झाली का? कोटा फरशीवर हस्तिदंती कुणी लावलाय का? सिलिंग शुभ्र ठेवावं की भिंतीच्याच शेडचं? शुभ्र सिलिंगखाली हस्तिदंती आणखी मळकी दिसेल, अशी मला भीती आहे. आणि स्विचबोर्ड पांढरे आहेत, ते तिला पटकन दिसावेत म्हणून मागे गडद पट्टा द्यावा का?

फोटो मुद्दाम टाकत नाही, मोबाइल पांढरा रंग आपल्या मनाने बदलतो. पेंटरकाका सोमवारी येणार आहेत, तोवर डबे आणायचेत.