लॅपटॉप गेला त्याचं सोडा, त्यातल्या लोकांच्या कागदांचं काय?

अनगोळचा डीटीपीवाला:
मंडळी, गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून बेळगावला येताना बॅग वरच्या रॅकवर ठेवलो, निपाणीत चहाला उतरलो, परत येऊन बसलो, बेळगावात उतरताना बॅग हातात घेतो तर हलकी. लॅपटॉप तेवढा काढून चेन लावून ठेवलेत. चार वर्षं जुना होता, त्याचं वाईट दोन दिवस वाटलं. पण माझं डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, लोकं आधार, पॅन, रेशन कार्ड, शेताचा उतारा, बँकेचं पासबुक, पोरांचं मार्क्स कार्ड सगळं व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि ते सगळं डाउनलोड्समध्ये तसंच पडून होतं. पासवर्ड आहे म्हणून मी निर्धास्त. तर रिपेरीवाल्या मित्राने माझ्यासमोर दुसऱ्या एका लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं, एसएसडी, म्हणजे सगळ्या फाइली असतात ती डिस्क, काढली, यूएसबी केसिंगला लावली आणि सगळे फोल्डर उघडून दाखवला. पासवर्ड कुठं विचारलाच नाही. त्या रात्री झोप लागली नाही मला.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं, दुसऱ्यांचे कागद लॅपटॉपवर ठेवणाऱ्याने डिस्क एन्क्रिप्ट केलीच पाहिजे, म्हणजे किल्लीशिवाय आतलं काही वाचता येऊ नये असं कुलूप लावलंच पाहिजे. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर आहे, होम असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एन्क्रिप्शन दिसतंय का बघा, मॅकला फाइलव्हॉल्ट, यातलं काहीच नसेल तर व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. कुणाला वेगळं वाटत असेल तर सांगा.

शहापूरकर:
वाईट झालं भावा, पण सल्ला काय पटला नाही. बसमध्ये बॅगेतनं लॅपटॉप मारणाऱ्याला तुझ्या गिऱ्हाइकाचं रेशन कार्ड कशाला पाहिजे, तो मिळेल त्या पैशाला विकून टाकणार आणि घेणारा पहिल्यांदा फॉरमॅट मारणार. एन्क्रिप्शनचं माझं ऐक. मी लग्नाचे फोटो काढतो. दोन वर्षांमागं लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून घेतला, चालू केला तर निळा स्क्रीन आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की टाक म्हणतोय. मी कधी असली की बघितलेलीच नव्हती. एका अख्ख्या सीझनचं काम गेलं, दोन घरांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, त्यातल्या एका घरातले आजोबा लग्नानंतर महिनाभरात वारले होते. त्यांचे शेवटचे फोटो होते ते. चोर नाही, काय नाही, घरातल्या घरात गेलं. आधी बॅकअप घ्या म्हणावं लोकांना.

गणेशपूर आयटी:
शहापूरकर, तुमचं नुकसान मोठं आहे पण दोष कुलपाचा नाही, किल्ली कुठे आहे हे माहीत नव्हतं त्याचा आहे. मदरबोर्ड बदलला तर रिकव्हरी की मागणारच, कारण डिस्कची किल्ली त्या बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षेच्या चिपशी बांधलेली असते. आणि हे सगळ्यांनी आज रात्रीच बघा, आताच्या बऱ्याच नवीन विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, तुम्ही काही केलेलं नसलं तरी. रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये सेव्ह होते. तिथून काढा, कागदावर प्रिंट घ्या आणि एलआयसीच्या बाँडबरोबर कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत अजिबात नको.

अजून एक, झाकण नुसतं मिटून स्लीपवर ठेवून प्रवास करू नका. स्लीपमध्ये किल्ली मेमरीतच असते. पूर्ण शटडाउन करा. बॅकअपबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत, एक कॉपी घराबाहेर पाहिजेच, पण ती हार्डडिस्क पण लॉक केलेली हवी, नाहीतर लॅपटॉपला कुलूप आणि डिस्क उघडी.

निपाणी स्टँड:
एवढं सगळं करण्यापेक्षा बॅग मांडीवर घेऊन बसायचं की ओ. रॅकवर मी आजवर कधी ठेवलेलो नाही. हॉस्टेलवर, ऑफिसात टेबलाला बांधायची केबल लॉक मिळते, पोरांना ती घेऊन द्या.

खानापूरची अक्का:
मी पण हेच काम करते, सोळा वर्षं झाली. कुलूप कुठलं लावायचं यावर तुम्ही भांडताय पण मला विचाराल तर मूळ चूक वेगळीच आहे. अर्ज भरून पावती दिली की त्या माणसाचं आधार माझ्याकडे राहायचं कारणच काय? मी शनिवारी दुकान बंद करताना डाउनलोड्स आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामं करते, व्हॉट्सॲपवरचं पण काढते. चालतंय तिथं गिऱ्हाइकाला मास्क्ड आधार काढून देते, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आणि अजून एक सांगते, कुणी कुणी दुसऱ्यांचे डिजिटल सहीचे टोकन, पेनड्राइव्हसारखं असतं ते, लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवतात. ते तर अगदी ठेवू नका.

अनगोळचा डीटीपीवाला:
अक्का तुमचं बरोबर आहे पण माझ्याकडं जांबोटी, कणकुंबीकडनं माणसं बस धरून येतात, पावसात झेरॉक्स भिजते, म्हातारी बाई म्हणते गेल्या वर्षी दिलोय की तुला. तिला मी परत घरी जाऊन ये म्हणू? ठेवतो म्हणून तिचं काम त्याच दिवशी होतंय. मी ते आळसानं ठेवलेलो नाही.

खानापूरची अक्का:
आळस म्हणतच नाही मी. पण त्या म्हातारीला विचारलास का, तुझं आधार मी कोल्हापूरला घेऊन जाऊ का म्हणून? ठेवायचंच तर दुकानात एक वेगळा कॉम्प्युटर ठेव, तो लॉक कर, आणि फिरतीच्या लॅपटॉपवर एक फाइल नको. माणसं विश्वासानं देतात आपल्याकडं. कित्येकांना त्या अर्जात काय लिहिलंय तेही आपणच वाचून सांगतो, कन्नड वाचता येत नाही म्हणून.

अनगोळचा डीटीपीवाला:
हे लागलं मला. विचारलो नव्हतो. वेगळ्या कॉम्प्युटरचं बघतो.

टिळकवाडी लॉ:
तक्रार दिलीत का?

अनगोळचा डीटीपीवाला:
गेलतो. वाटेतल्या एका ठाण्यात विचारले, चोरी नेमकी कुठं झाली, बॉर्डरच्या अलीकडं की पलीकडं. मला काय माहीत? चहाच्या वेळी गेला असेल नाहीतर त्याच्या आधी. परत आलो तसाच.

टिळकवाडी लॉ:
परत यायला नको होतं. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत झालेला असो, माहिती नोंदवता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, मग ते प्रकरण योग्य ठाण्याकडे पाठवतात. ऑनलाइन पण देता येते, फक्त ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. आपल्यासारख्या बॉर्डरवर रोज ये-जा करणाऱ्यांना याच्याइतकं कामाचं कलम नाही. तक्रारीत सिरियल नंबर लिहा, बिलावर नाहीतर बॉक्सवर असतो. मोबाइलसारखा आयएमईआय टाकून ब्लॉक करायची सोय लॅपटॉपला नाही, त्यामुळे तो नंबरच तुमचा पुरावा. आणि उद्या कुणाच्या आधारवर काही भलतं झालं तर लॅपटॉप त्याआधीच चोरीला गेला होता हे दाखवायला कागद लागेल ना. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या.

शहापूरकर:
हे चांगलं सांगितलात. एन्क्रिप्शनचं माझं मत अजून तेच आहे, की सांभाळता येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. पण भावा एक विचारतो, सगळे कागद व्हॉट्सॲपवर येतात म्हणालास, लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप बंद केलास काय? फोनमध्ये लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन बघ.

अनगोळचा डीटीपीवाला:
नाही ओ. सुचलंच नाही. थांबा बघतो.

अजून जोडलेलाच आहे. शेवटचं ॲक्टिव्ह म्हणून चोरीच्या दिवसाची सकाळ दाखवतोय, म्हणजे अजून कुणी उघडला नसावा. लॉगआउट केलो आत्ता.

गणेशपूर आयटी:
गुगल अकाउंटमधून पण तो लॅपटॉप काढून टाका, युवर डिव्हाइसेसमध्ये दिसेल. मग पासवर्ड बदला. क्रोममध्ये सेव्ह केलेले बँकेचे पण.

अनगोळचा डीटीपीवाला:
करतोय. उद्या सकाळी ठाण्यात परत जातो, बॉक्स सापडलाय, कपाटावर होता.