किमोनो म्हणजे नुसती सजावट?

काजवा: काल एकाने लिहिलं, 'जपानी कामुक सिनेमातला किमोनो म्हणजे चॉकलेटवरचा कागद. सोला नि खा.' अहो, दिग्दर्शक ओशिमाचा 'इन द रेल्म ऑफ द सेन्सेस' (१९७६) पाहिलाय, की नुसते फोटो? त्यातली माणसं बराच वेळ अर्धवट कपड्यांतच असतात, शुंगा म्हणजे जुन्या जपानी कामचित्रांत असायची तशीच. जिथे चारचौघांत आंघोळ करायची रीत, तिथे नागडेपणाचं कसलं अप्रूप? मानेवरून घसरलेली कॉलर, आतल्या वस्त्राची लाल कड, नजर अडकते ती तिथे. आणि ज्या आबे सादावर हा सिनेमा आहे, तिने १९३६ साली टोकियोत प्रियकराचा गळा आवळला तो किमोनोच्या कमरपट्ट्यानेच. सजावट म्हणे!

फटकळ: प्रबंध छान. पण निक्कात्सू स्टुडिओने १९७१ पासून 'रोमन पोर्नो' नावाचे कामुक सिनेमे काढले ते काय मानेच्या सौंदर्यासाठी? टीव्हीने प्रेक्षक पळवले, स्टुडिओ डबघाईला आला. दर दहा मिनिटांनी एक शय्यादृश्य द्या, बाकी काय हवं ते करा, असा दिग्दर्शकांशी सौदा. धंदा होता हो.

शालनताई: मी पुण्यात जपानी शिकताना किमोनो नेसायला शिकले. डावी बाजू उजवीवर. उलटं फक्त प्रेताला! इथल्या फॅन्सी ड्रेसमध्ये निम्म्या पोरी प्रेतं असतात. आता तर ओबी, म्हणजे तो कमरपट्टाही आयता बांधलेला मिळतो, शिवलेल्या नऊवारीसारखा. अडकवला की झालं.

मुग्धा_ठाणे: शिवलेल्या नऊवारीला नावं ठेवू नका. माझ्या लग्नात मावशीने तासभर खपून नेसवली आणि सप्तपदीत काष्टा सुटला. व्हिडिओत आहे सगळं.

शालनताई: मावशींना येत नव्हती, त्यात नऊवारीचा काय दोष?

मुग्धा_ठाणे: माझ्या मावशीवर घसरायचं काम नाही!

काजवा: विषयावर या हो! त्याच ओशिमाच्या सिनेमात सैन्याची तुकडी एका दिशेने चाललीय, लोक झेंडे हलवताहेत, आणि सादाचा प्रियकर किमोनो अंगावर टाकून उलट दिशेने एकटा. निषिद्ध काय आहे ते तिथे कळतं. शेजघरात नाही.

फटकळ: आणि तोच ओशिमा जपानी कायद्याच्या धास्तीने फिल्म धुवायला फ्रान्सला पाठवत होता. पटकथेच्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला, १९८२ पर्यंत चालला. सुटला, ते सोडा. सरकारला तुमची ती तुकडी खुपली नव्हती, शेजघरच खुपलं होतं. बरं, कमरपट्ट्याचा मुद्दा दिला तुम्हाला. बाकीच्या ढीगभर सिनेमांत तो नुसताच सुटतो.

मुग्धा_ठाणे: आमच्या काष्ट्यासारखा.

शालनताई: पुढच्या कार्याला मला बोलवा. पिना लावणार नाही, आधीच सांगते.