मदत हवी आहे: आजीच्या ट्रंकेतलं सुवर्ण रोख्यांचं पोस्टर

मंडळी, आजीची पत्र्याची ट्रंक आवरताना तळाशी चौघडी घातलेलं एक मराठी पोस्टर सापडलं. बांगड्या उतरवणारा बाईचा हात, मागे बर्फाचे डोंगर, आणि संरक्षणासाठी सोनं देण्याचं सरकारी आवाहन. मुद्रकाची ओळ असते तो खालचा कोपरा नेमका गंजाने खाल्लाय, त्यामुळे साल कळत नाही.

1962 साली चीनने 21 नोव्हेंबरला युद्धबंदी जाहीर केली, तरी सोनं आणि पैसा गोळा करणं थांबलं नव्हतं. तेव्हाचे साडेसहा टक्के व्याजाचे सुवर्ण रोखे, म्हणजे सरकारला सोनं देऊन घ्यायचे कर्जरोखे, 1977 चे; हे साल मुदत संपण्याचं. 1965 ची लढाई 23 सप्टेंबरला थांबली, त्यानंतरचे राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोखे तसेच 1980 चे, मुदत संपल्यावर सोनंच परत देणारे. माझ्या पोस्टरवर 'सुवर्ण रोखे' एवढंच वाचता येतं, पुढचा आकडा घडीवर फाटलाय. डोंगरांमुळे मला 1962-63 वाटतं, पण नुसत्या चित्रावरून ठरवायला मन धजत नाही.

कुणाच्या घरी असं पोस्टर किंवा रोख्याची पावती असेल तर कृपया फोटो टाका, अक्षरांची वळणं ताडून बघता येतील. आणि घाई आहे ती याची: घड्या उलगडताना कागदाचा भुगा पडतोय. जुने कागद हाताळणाऱ्यांनी सांगा, आधी काय करू? सेलोटेप लावायची नाही एवढं माहीत आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात असे घरगुती कागद घेतात का? आजीने पाटल्या दिल्या होत्या म्हणे. हा कागद माझ्या हातून जाऊ नये.