आतड्याचा जुनाट दाह आणि कर्करोग: स्त्रियांना धोका खरोखरच कमी असतो का?

मोगरा (प्रश्न):
माझ्या धाकट्या बहिणीला विशीपासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला होणारा जुनाट दाह आणि व्रण) आहे. मेसालामाइनच्या गोळ्यांवर तिची प्रकृती ठीक असते. डॉक्टरांनी आता कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून घ्यायला सांगितले आहे. मात्र या आजारात स्त्रियांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका पुरुषांपेक्षा कमी असतो, असे वाचल्यापासून ती चालढकल करते आहे. (खरा धसका तिने तपासणीआधी आतडे साफ करायला घ्याव्या लागणाऱ्या जुलाबाच्या औषधाचा घेतला आहे, हा भाग वेगळा.) तिच्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे?

औदुंबर:
तिने वाचले ते खोटे नाही. स्वीडनमध्ये १९५४ ते १९८९ या काळात आतड्याच्या जुनाट दाहाचे (अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि तशाच प्रकारचा क्रोन्स हा आजार मिळून) निदान झालेल्या साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदानानंतरच्या ४० वर्षांत हा कर्करोग होण्याचे प्रमाण त्यात पुरुषांमध्ये ८.३ टक्के, तर स्त्रियांमध्ये ३.५ टक्के आढळले. परंतु ही तफावत मुख्यतः पंचेचाळिशीच्या आत निदान झालेल्यांत होती, आणि तीही पहिली दहा वर्षे उलटल्यानंतरची. त्यामुळे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक संरक्षण देत असावे असा तर्क केला जातो. आपल्या बहिणीची तर अजून नऊच वर्षे झाली आहेत. ज्या टप्प्यात फरक दिसलाच नाही, त्याच टप्प्यात ती आहे.

सह्यवासी:
शिवाय ‘कमी’ म्हणजे कोणापेक्षा कमी, हे पाहायला हवे. २०१२ सालच्या एका एकत्रित विश्लेषणानुसार अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या पुरुषांमधील धोका सर्वसाधारण पुरुषांच्या २.६ पट, तर स्त्रियांमधील धोका सर्वसाधारण स्त्रियांच्या १.९ पट होता. जवळजवळ दुप्पट धोक्याला निर्धास्त राहण्याचे कारण मानणे मला तरी पटत नाही.

तपासणी कधी करायची हे स्त्री-पुरुष भेदावर ठरत नाही. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी पहिली कोलोनोस्कोपी करतात. दाह किती भागात पसरला आहे, तो किती तीव्र आहे आणि घरात कोणाला हा कर्करोग झाला होता का, यांवर पुढचे अंतर एक ते पाच वर्षे ठेवले जाते. पित्तनलिकांचा प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा विकार सोबत असेल, तर मात्र त्याच्या निदानापासूनच दरवर्षी तपासणी करावी लागते. तिच्या जुन्या रिपोर्टमध्ये दाहाची व्याप्ती काय लिहिली आहे?

मोगरा:
‘पॅनकोलायटिस’ असे लिहिले आहे. यकृताच्या तपासण्या ठीक आहेत.

सह्यवासी:
म्हणजे संपूर्ण मोठे आतडे बाधित आहे. व्याप्ती मर्यादित असल्याची सवलत तिला लागू होत नाही. सध्या आजार शांत आहे, तोवरच तारीख घ्यावी, कारण दाह चालू असताना बायोप्सीत (अस्तराचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कर्करोगपूर्व बदल ओळखणे अवघड जाते. जुलाबाचे औषध निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. तसे ते बरेच सुसह्य होते आणि आतडेही अधिक स्वच्छ होते.