१ नोव्हेंबरची प्रार्थना : सीमाभागातले काही अनुभव

२०१५ साली १ नोव्हेंबर रविवारी आला. बेळगावातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत हा सर्व संतांचा दिवस असतो. वर्षभरात प्रभूकडे गेलेल्यांची नावे मी उपासनेत वाचतो आणि प्रत्येक नावाला घरचे कुणीतरी पुढे येऊन मेणबत्ती लावते. १९५६ साली याच तारखेला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेले, म्हणून इकडे संभाजी उद्यानापासून मराठी भाषकांची काळ्या दिनाची सायकल फेरी निघते, तर तिकडे राणी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाच्या मिरवणुका जमतात. रस्ते बंद होतील या धास्तीने त्या वर्षी आम्ही उपासना सकाळी साडेसातलाच उरकली. शेवटच्या प्रार्थनेत मी नेहमीप्रमाणे “आमच्या राज्यासाठी व राज्यकर्त्यांसाठी” असे म्हणालो. पत्नीच्या नावाची मेणबत्ती नुकतीच लावून आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी दारात माझा हात धरला आणि हळूच विचारले, “कुठल्या राज्यासाठी वो, पाळकसाहेब?”

पुढच्या वर्षी मी “या मातीसाठी” असे म्हणून पाहिले. तेच गृहस्थ म्हणाले, “चुकवलात की.” चुकवलेच होते. मी नगरकडचा, नेमणुकीने इथे आलेलो. प्रश्न चुकवण्याची सोय मला होती, ती त्यांना नव्हती.

तेव्हापासून मनात होते, म्हणून भक्तीची आणि सरकारची गाठ आपल्या दारात पडली असा एखादा प्रसंग मंडळीतल्यांकडून व शेजाऱ्यांकडून मागवला. मते नकोत, घडलेले लिहा, एवढीच अट घातली. ती सर्वांनी पाळली नाही.

खानापूर तालुका, निवृत्त शिक्षिका

पाळकसाहेब, सलाम. माझ्या आईचे नाव भागूबाई. तिच्या मृत्यूच्या कन्नड दाखल्यावर ते ‘बागूबाई’ असे आले. चाळीस वर्षे मी मुलांच्या वह्यांत असल्या चुकांभोवती लाल गोल केले, आणि इथे त्याच चुकीपायी आईची बँकेतली ठेव चार महिने अडकली. चर्चच्या दफनवहीत नाव शुद्ध होते, पण वही मराठीत, म्हणून भाषांतर करून आणण्यास सांगितले गेले. मग अॅफिडेव्हिट, मग नोटरीचा शिक्का. खिडकीमागचा कारकून माझ्याशी मराठीतच बोलत होता आणि तो अदबीने वागला, हेही लिहिले पाहिजे. अखेरच्या खेपेला तो म्हणाला, “बाई, मला वाचता येतंय, पण मला वाचता येऊन उपयोग नाही.”

निपाणी, दुकानदार

२०२१ साली महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा अहवाल दाखवावा लागे. माझे थोरले काका वारले आणि दफन सायंकाळी पाचला ठरले. धाकटे काका कागलला राहतात. एरवी अर्ध्या तासाची वाट. दूधगंगेचा पूल ओलांडून ते नाक्यापर्यंत आले, पण अहवाल दुसऱ्या दिवशी मिळणार होता. पाळकांनी फोन स्पीकरवर टाकून माझ्या हाती दिला आणि मी तो खड्ड्यावर धरून उभा राहिलो. “मातीला माती” हे शब्द कानी पडले तेव्हा काकांनी तिकडे महामार्गाच्या कडेची मूठभर माती उचलली होती. ती कुठे टाकावी हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात घातली. काकूंना ती दोन दिवसांनी कपडे भिजवताना सापडली.

शहापूर, तरुण

अट मोडून लिहितो. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माझे वडील तुरुंगात गेले. तेव्हाचे पाळक त्यांना भेटायला साबण आणि पवित्र शास्त्र (बायबल) घेऊन गेले, पण व्यासपीठावरून त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. वडील अजून त्या साबणाचे कौतुक सांगतात. मला मात्र तो न बोललेला शब्द टोचतो. सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाली निघेपर्यंत पाळकांनी मातीसाठीच प्रार्थना करायची काय?

बेळगाव, कॅम्प भागातील गृहिणी

आम्ही कॅथलिक. २३ डिसेंबर २०२१ रोजी धर्मांतरासंबंधीचे विधेयक विधानसभेत मंजूर झाले, तेही इथेच, सुवर्ण विधानसौधात. धर्म बदलणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, अशी त्यात तरतूद होती. त्या संध्याकाळी आमची पोरे नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरणार होती. शेजारपाजारची हिंदू घरेही दरवर्षी ठरलेली. जावे की न जावे यावर तासभर खल झाला, आणि गिटार झाकून न्यावी, असेही कुणी सुचवले (गिटारीने कुणाचा धर्म बदलतो, देव जाणे). पहिल्याच घरच्या आजी ओरडल्या, “दारात का उभारलाईसा? आत या की!” चार घरी करंज्या मिळाल्या. पाचव्या घरातला दिवा मात्र लागला नाही. ती माणसे झोपली होती की आणखी काही, हे मी आजतागायत विचारलेले नाही, आणि त्यांनीही सांगितलेले नाही. वहिनी रोज भेटतात, कढीपत्ता मागतात.

बेळगाव, मूळची बैलहोंगलची सून

लग्न होऊन या मराठी मंडळीत आले. सासूबाईंनी गाणी म्हणून दाखवली आणि मी ती कन्नड लिपीत वहीत उतरवली. आजही त्याच वहीतून मराठी गाते. १ नोव्हेंबरला दोन्हीकडचे लोक मला “तुझं कुठलं?” असे विचारतात. मी उत्तर देत नाही.

माझे अप्पा इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होते तेव्हा पाळकसाहेब आले आणि अप्पांसाठी त्यांनी तेविसावे स्तोत्र कन्नडमधून वाचायला घेतले. कन्नड त्यांचे कच्चे. अप्पांनी नाकातली नळी सांभाळत दोनदा थांबवून उच्चार सुधारून दिला. तिसऱ्यांदा अडखळले तेव्हा अप्पांनी त्यांच्या हातातले पुस्तक खाली करायला लावले आणि पुढच्या ओळी स्वतःच म्हटल्या.